भिक्खूच्या आईला प्रवासाच्या सूचना

आशीर्वाद देताना हात आवरा, ही सूचना आमच्या ऑफिसात सुरू झाली ती बागबाजारच्या एका मासिमांमुळे. मासिमा म्हणजे मावशी. कोलकात्यात ठरावीक वयाच्या पुढची प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची मासिमा असते. तर ह्या मासिमा आम्ही नेलेल्या ग्रुपबरोबर बँकॉकच्या हॉटेलात उतरल्या. काउंटरवरच्या मुलीने वाकून नमस्कार केला. वाकलेलं डोकं समोर दिसल्यावर आपल्याकडची बाई काय करणार? मासिमांनी डोक्यावर हात ठेवला आणि "बेंचे थाको मा", म्हणजे जगत राहा पोरी, असा भरघोस आशीर्वाद दिला. ती पोर जागच्या जागी ताठ झाली. त्या देशात डोकं म्हणजे शरीरातली सर्वांत पवित्र जागा, परक्या माणसाने तिथे हात लावायचा नसतो. मी मध्ये पडून माफी मागितली, तर मासिमा माझ्यावरच उखडल्या. "आशीर्वाद दिलाय, शिवी नाही दिली," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला निघण्याआधी सांगायचे, आशीर्वाद तोंडाने द्या, पाहिजे तेवढे द्या, हात खाली ठेवा.

माझी नोकरी ही अशी. लोकांना वाटतं ट्रॅव्हल एजंट तिकिटं काढतो. तिकीट आता कोणीही काढतं, आमच्या सोसायटीतला लिफ्टमनसुद्धा फोनवर काढतो. माझं काम सांगण्याचं होतं. एस्प्लनेडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी माझं टेबल. आमच्या ह्यांची सरकारी नोकरी, बदलीने कोलकात्यात आलो. पुढची बदली आली तेव्हा मुलीची दहावी होती, म्हणून हे एकटे गेले आणि मी इथे राहून तात्पुरती म्हणून ही नोकरी धरली. ती निवृत्तीपर्यंत पुरली. हेही फिरून पुन्हा कोलकात्यातच आले. ऑफिसातली बंगाली मंडळी मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची, आपली मराठी गिऱ्हाइकं काकू.

कोलकात्याहून पुण्याला पोचायला विमानाला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यात बँकॉक येतं. त्यामुळे इथली माणसं थायलंडला अगदी शेजारी गेल्यासारखी जातात, आणि शेजारी गेल्यासारखीच वागतात, तिथेच गडबड होते. देवळात शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाच्या मूर्तीकडे पाय पसरून बसायचं नाही, पाठ टेकवून फोटो काढायचे नाहीत. तिथल्या राजाविषयी विनोद करायचे नाहीत, कितीही सुचले तरी. पाणी बाटलीतलं, आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई संकष्टीच्या भीतीने जायला तयार नव्हत्या. त्यांना म्हटलं, अहो, तिथे नारळाच्या दुधात शिजवलेला साबुदाणा रस्त्यावर मिळतो. त्या परत येऊन म्हणाल्या, "काकू, उपास नव्हता त्या दिवशीही तेच खाल्लं."

आणखी एक नियम मी बायकांना सांगायचे. भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही. बसमध्ये शेजारी बसायचं नाही, थेट त्याच्या हातात काही द्यायचं नाही. तो कापड पसरतो, त्यावर ठेवायचं. आणि बोलायचं असेल तर बाईने एकटीने त्याच्यापाशी बसायचं नाही, जवळ एक तरी पुरुष हवा. हे सगळं मी एका दमात म्हणून टाकायचे. बायका हसायच्या, "आम्हाला तरी कुठे हात लावायचाय." तो नियम सांगताना माझी जीभ अडखळली ती एकदाच, संध्याताई सामंतांपुढे.

सामंत कुटुंबाला मी ओळखत होते. सामंतसाहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बदल्या करत करत कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले, कारण एकुलता एक मुलगा, मिहीर, न्यू टाउनच्या एका कंपनीत लागला होता. हुशार, मान खाली घालून बोलणारा मुलगा. गणपतीत आमच्या मंडळात खुर्च्या मांडायला यायचा. कंपनीतून महिनाभराची रजा काढून तो थायलंडच्या एका अरण्यातल्या मठात ध्यान शिकायला गेला. रजा संपली, तो आला नाही. मग फोन आला की मी इथेच राहतोय, आणि आणखी काही महिन्यांनी कळलं की तो भिक्खू झाला.

संध्याताई ऑफिसात आल्या तेव्हा ह्या गोष्टीला काही वर्षं झाली होती. एकट्याच वर आल्या. मी विचारलं, "साहेब?" तर त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खाली चहावाल्यापाशी साहेब मातीच्या कपातून चहा पीत आमच्या ऑफिसकडे पाठ करून उभे होते.

"यायला तयार झालेत," ताई म्हणाल्या, "पण म्हणतात, मी फक्त सामान धरायला येतोय. मिहीरचा फोन आला की हे गॅलरीत जातात. इतकी वर्षं एक शब्द बोललेले नाहीत त्याच्याशी." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूच विचारलं, "वासंतीताई, तुम्ही तिथल्या चालीरीती जाणता. मला त्याला जवळ घेता येईल ना?"

आता ह्याचं उत्तर काय द्यायचं? मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला, टेबलावरचे कागद उगाच नीट केले, आणि सांगितलं. आई असली तरी नाही. डोक्यावरून हात नाही, पाठीवरून नाही, हातात हात नाही.

त्या रडल्या नाहीत. ग्लास उचलून दोन घोट प्यायल्या. मग म्हणाल्या, "पुरुषाने लावला तर चालतो का?"

"चालतो."

"म्हणजे ह्यांनी लावला तर चालेल."

"चालेल की."

"मग मी ह्यांनाच सांगणार. माझ्या वतीने एकदा त्याला हात लावा म्हणून. मला बाकी काही नको त्या प्रवासात." त्यांनी पुन्हा खिडकीतून खाली पाहिलं. साहेबांनी रिकामा कप टाकून दुसरा चहा घेतला होता. "ऐकतील असं वाटत नाही," त्या म्हणाल्या.

मी ठरवलं की ह्यांच्याबरोबर आपण स्वतः जायचं. मालक कुरकुरले, दोन माणसांबरोबर कसली टूर मॅनेजर? म्हटलं, माझा पगार कापा. त्यांनी कापला नाही, भले गृहस्थ होते.

बँकॉकहून दुसरं विमान, मग गाडी. ईशान्येकडचा तो भाग आपल्या कोकणासारखा हिरवा नाही. भातखाचरं, लाल माती, मधूनच दाट झाडी. वाटेत साहेब माझ्याशी अगदी सभ्यपणे बोलत होते. तिथल्या रस्त्यांचं कौतुक केलं, भाताच्या जातींबद्दल ड्रायव्हरला विचारायला लावलं. मिहीरचा विषय निघाला की "आमचे महाराज" म्हणायचे आणि बाहेर बघायचे. एकदाच, ताईंना डुलकी लागलेली असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. नोकरी बदलतानासुद्धा विचारायचा हो तो. हे मात्र फोनवर कळवलं." इतकी वर्षं गिऱ्हाइकं सांभाळली की कुठे गप्प राहायचं ते कळतं.

मठाजवळच्या गावात आम्ही मुक्काम केला. तिथली रीत अशी की पहाटे उजाडताना भिक्खू एकामागोमाग एक रांगेने अनवाणी गावातून चालत जातात. लोक रस्त्याच्या कडेला चपला काढून, गुडघे टेकून बसतात आणि प्रत्येकाच्या पात्रात थोडं थोडं अन्न घालतात. कोणी कोणाशी बोलत नाही. भिक्खू मान वर करत नाहीत. हेच त्यांचं दिवसाचं जेवण, तेही एकदाच. ताईंनी घरून बेसनाचे लाडू आणले होते. त्यांना मी आधीच बजावलं होतं, सगळ्यांना द्यायचं, आपल्या मुलाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं चालत नाही. त्या म्हणाल्या, "ते काय सांगायला हवं? पंगतीत कधी असं वाढतं का कोणी?"

साहेब मागे गाडीला टेकून उभे राहिले. ताई आणि मी गावातल्या बायकांबरोबर बसलो. रांग आली. भगव्यापेक्षा जरा गडद, मातकट रंगाची चीवरं, मुंडण केलेली डोकी, सगळे सारखेच दिसत होते. मला वाटलं, ह्या आता प्रत्येकाचं तोंड निरखत बसणार आणि रांग अडणार. पण त्यांनी मान खाली घातली होती. एकेका पात्रात एकेक लाडू ठेवत होत्या. शेवटून दुसरा मिहीर होता. मी त्याला ओळखलं. पुष्कळ वाळला होता, पण चेहरा शांत. तो थांबला, लाडू घेतला आणि पुढे गेला, इतरांसारखाच. ताईंनी मान वर केली नाही.

रांग वळणावर गेल्यावर मी विचारलं, "बघितलंत ना नीट त्याला?"

"पाय बघितले," त्या म्हणाल्या. "उजव्या टाचेवर जोर देत नाहीये तो. टाचेत काहीतरी गेलंय."

भिक्खूंचं जेवण आटोपल्यावर भेटायची परवानगी मिळाली होती. मठ म्हणजे झाडीतल्या सुट्या सुट्या लाकडी झोपड्या आणि मध्ये चारी बाजूंनी उघडी एक मोठी ओसरी. फाटकाशी साहेब थांबले. झाडाखाली एक बाक होता, त्यावर बसले. "तुम्ही दोघी जाऊन या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांपाशी गेले. "साहेब, एक अडचण आहे. जवळ पुरुष असल्याशिवाय इथे बाईला भिक्खूशी बोलता येत नाही. तुम्ही आला नाहीत तर ताईंना त्याच्याकडे नुसतं लांबून बघून परत यावं लागेल."

आता खरं सांगायचं तर कोणताही पुरुष चालला असता. आमचा ड्रायव्हर तिथेच उभा होता, चांगला दणकट, रिकामा पुरुष. त्याच्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तो पुढे येऊन काही विचारायला लागला तर त्याला मी डोळ्यांनी दटावून गाडीकडे परत पाठवलं. ह्या धंद्यात माहिती द्यावी लागते तशी थोडी दडवावीही लागते, आणि त्या दिवशीच्या दडवण्याचा मला अजून अभिमान आहे.

साहेब उठले. "बसेन फक्त. बोलणार नाही. आणि एक सांगून ठेवतो, लोक इथे त्यांच्या पाया पडतात म्हणे. मी माझ्या पोराच्या पाया पडणार नाही. बाप मुलाच्या पाया पडला तर मुलाचं आयुष्य कमी होतं." हे ते रागाने म्हणाले, पण मी मनात म्हटलं, ज्याचा फोन घेत नाहीत त्याच्या आयुष्याची ही काळजी.

मिहीर ओसरीवर एका बुटक्या चौथऱ्यावर बसला होता. आम्ही खाली चटईवर. साहेबांचा गुडघा दुखरा, ते कसेबसे खांबाला टेकून, जरा लांब बसले. ताईंनी हात जोडले. मी माझ्या सवयीने वाकले. साहेबांनी मानही हलवली नाही.

"आई," मिहीर म्हणाला. मग थोडं थांबून, "बाबा, गुडघा कसा आहे?"

साहेब समोरच्या खांबाकडे बघत राहिले. ताई म्हणाल्या, "आहे तसाच आहे. तू कसा आहेस?"

"बरा आहे." त्याचं मराठी सावकाश झालं होतं, मध्ये मध्ये शब्द शोधत होता. "लाडू सगळ्यांनी खाल्ले, आई. आमचे मोठे भंते म्हणाले, हे कशाचं केलंय?"

"सांगितलंस का?"

"सांगितलं. बेसन त्यांना समजावता आलं नाही."

ताई हसल्या, तोही हसला, आणि त्या हसण्यात तो पुन्हा खुर्च्या मांडणारा मुलगा दिसला. ताईंचा हात मांडीवरून उचलला गेला आणि त्यांनी तो परत मांडीवर दाबून धरला. मग त्या साहेबांकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

साहेबांनी ऐकलं. हलले नाहीत. मी चटईचा कोपरा बघत बसले. मिहीरला काही कळलं नसावं, तो एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होता. मला वाटलं, झालं, आता हे असंच संपणार, आणि मी ह्या बाईला विमानातून परत घेऊन जाणार.

ताईंनी आवाज सावरला. "टाचेला काय झालंय रे?"

"काटा असेल. काही नाही. निघेल आपोआप."

"आपोआप निघेल?" हे साहेब म्हणाले. खांबाकडे बघतच म्हणाले, पण म्हणाले. "काटा कधी आपोआप निघतो का? पिकतो तो. किती दिवस झाले?"

"तीन-चार, बाबा."

"तीन-चार दिवस असाच चालतोयस?"

ताईंनी तोवर बांगडीत अडकवलेली पिन काढली होती. आपल्या बायकांच्या बांगडीत असते तशी, साडीला लागली तर असावी म्हणून. पिन घेऊन त्यांचा हात मिहीरच्या दिशेने निघाला आणि मध्येच थांबला. क्षणभर तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो वळवला आणि पिन साहेबांपुढे धरली.

साहेबांनी पिनेकडे पाहिलं. ताईंकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पिन घेतली. "काही लावायला आहे का हो तुमच्याकडे?" मला विचारलं. पर्समध्ये सॅनिटायझर असतोच, टूरवर नेणारी बाई मी. त्यांनी पिन पुसून घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात देत, फरफटत चौथऱ्यापाशी गेले. "पाय दे इकडे. अरे, माझ्या मांडीवर ठेव, उजेड नाहीये तिथे."

मिहीरने पाय मागे घेतला. "बाबा, तुमच्या मांडीवर पाय नको."

"गप बस," साहेब म्हणाले. "हे पाय मी धुतलेत."

मग त्याने पाय दिला. साहेब त्याच्या टाचेवर अगदी वाकले, चष्मा नाकावर, तोंड टाचेपासून वीतभर. टाच भेगाळलेली, काळी, गावातल्या शेतकऱ्याच्या टाचेसारखी झाली होती. ते डाव्या हाताने ती धरून उजव्या हाताने कोरत होते आणि पुटपुटत होते, "हलू नको. दुखतंय? दुखणारच." मिहीर खालचा ओठ दाताखाली धरून बसला होता, आणि त्याचे डोळे वाहत होते. काट्यामुळे नसणार ते. ताई चटईवरच थोड्या पुढे सरकल्या होत्या, जेवढं सरकता येतं तेवढ्या. साहेबांच्या प्रत्येक हालचालीबरोबर त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

काटा निघाला. साहेबांनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला, ताईंना दाखवला. "बघ केवढा."

काटा निघाला तरी टाच त्यांनी सोडली नाही. अंगठ्याने दाबत राहिले, रक्त थांबवायला दाबतात तसे, पण रक्त केव्हाच थांबलं होतं. मग तो हात टाचेवरून घोट्यावर गेला, घोट्यावरून नडगीवर, आणि परत खाली आला. "वाळलास," ते म्हणाले. "चप्पल चालत नसेल इथे, तर निदान खाली बघून चालत जा."

"हो, बाबा."

"आणि फोन करत जा. दर महिन्याला."

"करतो की बाबा."

"मला कर."

कुठेतरी घंटा वाजली, आम्हाला निघायला हवं होतं. साहेबांना उठता येईना, तेव्हा मिहीरने त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं. ताई म्हणाल्या, "येतो आम्ही." तो म्हणाला, "या, आई." आपल्याकडे निरोप असाच देतात, इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडात तो आपसूक आला.

फाटकाबाहेर त्याच बाकापाशी साहेब थांबले. मूठ उघडून त्यांनी ताईंपुढे हात केला. "घे तुझी पिन."

ताईंनी पिन घेतली नाही. त्यांनी साहेबांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बाकावर बसल्या, आणि तो उघडा तळवा आपल्या गालाला लावून डोळे मिटले. साहेब अवघडून उभे राहिले, मग तेही बसले. पिन खाली पडली होती, कोणी उचलली नाही.

ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि विमानाची वेळ सांगायला लागला. मी त्याला म्हटलं, थांब, आपण पुढच्या विमानाने जाऊ.